शिकागोच्या शाळा आणि त्यांचे पालक

अमेरिकेंत जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या बोलण्यांत ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ हा शब्द पदोपदीं येतो. घर घ्यावयाचें तें अमक्या डिस्ट्रिक्टमध्यें, मुलगी पांच वर्षांची होण्यापूर्वीं बिऱ्हाड हलवावयाचें तें तमक्या डिस्ट्रिक्टसाठीं, असें तीं सांगतात. इकडे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें मात्र जिल्हा उभा राहतो, आणि जिल्हा म्हटला कीं कलेक्टर, कचेरी व सातबारा हेंच सारें आठवतें. या जिल्ह्यांत कलेक्टर नसतो. शाळा चालविण्यापुरतें उभें केलेलें तें एक लहानसें स्वतंत्र राज्य असतें. त्याच्या सीमा पुष्कळदां गांवाच्या सीमांहून वेगळ्या असतात. बहुतेक ठिकाणीं त्याचें शिक्षण-मंडळ मतदार निवडून देतात. आणि घरें-जमिनींवर बसविलेल्या करांतून त्याच्या खर्चाचा मोठा वांटा निघतो. अशीं राज्यें त्या देशांत आजमितीस १३ हजारांच्या आसपास आहेत.

लहान गांवांत ही व्यवस्था सोयीची असते. मंडळाचा सभासद वाण्याच्या दुकानांत भेटतो, आणि शाळेच्या मोटारीला उशीर कां झाला याचा जाब त्याला तेथल्या तेथें विचारतां येतो. अडचण येते ती मोठ्या शहरांत. एकाच मंडळाच्या हाताखालीं पांचशेंहून अधिक शाळा आणि चार लाखांहून अधिक मुलें असलीं, म्हणजे आईबापांस शाळेची खबर लागावी कशी, आणि त्यांचा शब्द मंडळापर्यंत पोहोंचावा कसा? या प्रश्नाशीं शिकागो शहरानें जेवढ्या धाडसानें झुंज घेतली, तेवढी मोठ्या शहरांपैकीं फारच थोड्यांनीं घेतली असेल.

घर आणि शाळा यांचा संबंध जोडावा, ही कल्पना मात्र त्याहून पुष्कळ जुनी. १८९७ सालीं अ‍ॅलिस बर्नी आणि फीबी हर्स्ट या दोन स्त्रियांच्या पुढाकारानें वॉशिंग्टन येथें मातांची राष्ट्रीय परिषद भरली, आणि तिच्यांतूनच पुढें शिक्षक-पालक संघांचें जाळें देशभर पसरलें. या संघांनीं पुष्कळ चांगलीं कामें केलीं. बालवर्ग, शाळेंतील गरम जेवण, बालमजुरीस आळा घालणारे कायदे, या सर्वांमागें त्यांचे श्रम आहेत. परंतु संघाची सभा म्हणजे बहुधा मुख्याध्यापकांनीं बोलावयाचें, पालकांनीं ऐकावयाचें, आणि शेवटीं चहाफराळ व्हावयाचा. शाळेचा पैसा कशावर खर्च व्हावा, मुख्याध्यापक कोण असावा, हे प्रश्न त्या दाराच्या आंत येत नसत. पुढें १९७४ सालीं, गरीब वस्त्यांतील शाळांस मिळणाऱ्या केंद्रीय मदतीबरोबर पालकांच्या सल्लागार समित्या नेमण्याची सक्ती झाली, आणि १९८१ सालीं ती सक्ती उठविण्यांतही आली. ‘सल्लागार’ या शब्दांतच त्या समित्यांचें भविष्य लिहिलेलें होतें. सल्ला देणें पालकांचें काम. तो घ्यावा कीं घेऊं नये, हें घेणाराच्या मर्जीवर.

शिकागोचें वैशिष्ट्य असें कीं, जें इतर डिस्ट्रिक्टांत सर्रास होतें, तें तेथें नव्हतें. शिक्षण-मंडळ लोकांनीं निवडलेलें नसून महापौरांनीं नेमलेलें असे. पालकाला मुलाच्या शाळेविषयीं तक्रार असली, तर तिची दाद मतपेटींत लावावयाची सोय नव्हती. वर्षांतून दोन वेळां पालकांनीं शाळेंत येऊन प्रगतिपुस्तक स्वतःच्या हातानें न्यावें, म्हणजे शिक्षकांची गांठ पडेल, असा एक चांगला प्रघात त्या शहरांत रूढ झाला. परंतु प्रगतिपुस्तक मुलाचें असतें, शाळेचें नसतें.

१९८७ च्या सप्टेंबरांत शिक्षकांचा संप झाला. १९६९ पासून त्या शहरानें असे अनेक संप पाहिले होते. पण हा लांबला. शाळेचे १९ दिवस बुडाले आणि चार लाखांहून अधिक मुलें घरीं बसलीं. दोष मंडळाचा कीं शिक्षकांचा, हा वाद पुष्कळ झाला. आईबापांना मात्र त्या १९ दिवसांत वेगळेंच कांहीं उमगलें. ज्या वाटाघाटींवर त्यांच्या मुलांचें वर्ष अवलंबून होतें, त्यांत दोनच खुर्च्या होत्या आणि तिसरीची आठवण कोणालाच झालेली नव्हती. कामावर जाणाऱ्या आयांनीं मुलें शेजारणींकडे ठेविलीं, चर्चच्या तळघरांत तात्पुरते वर्ग भरले, महापौरांच्या कचेरीपुढें पालकांचे जमाव उभे राहिले. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत केंद्र सरकारचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनीं शिकागोच्या शाळा देशांत सर्वांत वाईट असल्याचें जाहीरपणें म्हटलें. बोलणें कडवट होतें. पण पालकांच्या हातांत तें एक हत्यारच देऊन गेलें.

त्या वेळचे महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. त्यांनीं ऑक्टोबरांत पालक व नागरिक यांस बोलावून शाळांच्या सुधारणेचा विचार सुरू केला, आणि नोव्हेंबरच्या २५ तारखेस कचेरींत काम करीत असतांनाच ते हृदयविकारानें कोसळले. पुढारी गेला म्हणजे चळवळ विझते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. येथें तसें झालें नाहीं. १९८८ सालीं पालक बसगाड्या भरून इलिनॉय राज्याच्या राजधानीस, स्प्रिंगफील्डला, जाऊं लागले आणि विधिमंडळाच्या दालनांत ठाण मांडून बसूं लागले. त्या वर्षाच्या अखेरीस कायदा मंजूर झाला.

हा कायदा बारकाईनें पाहण्याजोगा आहे. शहरांतील प्रत्येक शाळेस एक स्थानिक शाळा-समिती. तींत सहा पालक, वस्तींतील दोन रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक, असे अकरा सभासद. माध्यमिक शाळेंत एक विद्यार्थीही. अकरांत सहा पालक, म्हणजे बहुमत त्यांचेंच. आणि समितीच्या हातीं दिलें काय? मुख्याध्यापकांची तहहयात जागा रद्द होऊन ते चार वर्षांच्या करारावर आले, आणि तो करार कोणाशीं करावयाचा हें समितीनें ठरवावयाचें. शाळेच्या सुधारणेची योजना समितीनें मंजूर करावयाची, शाळेच्या वांट्यास आलेल्या पैशाचें अंदाजपत्रकही तिनेंच. सभेची सूचना आगाऊ लावली पाहिजे आणि सभा सर्वांस खुली असली पाहिजे. आणखी एक कलम असें होतें कीं, त्याकडे प्रथम फारसें कोणाचें लक्ष गेलें नसावें: या निवडणुकींत मत देण्यास पालकानें अमेरिकेचा नागरिक असण्याची गरज नव्हती. पिल्सेन आणि लिटल् व्हिलेज या वस्त्यांत मेक्सिकोहून आलेलीं हजारों कुटुंबें राहत होतीं. नगरपालिकेपासून राष्ट्राध्यक्षापर्यंत ज्यांना कोठेंच मत नव्हतें, त्यांना मुलाच्या शाळेपुरतें तें मिळालें. शाळेचीं पत्रकें स्पॅनिशमध्यें निघावींत, सभेंत दुभाष्या असावा, ही मागणी आतां विनंती राहिली नाहीं. ज्याच्या मतावर आपला करार अवलंबून आहे, त्याला समजेल अशा भाषेंत बोलणें मुख्याध्यापकाला भागच पडलें.

महाराष्ट्रांतील श्रोत्यास येथें इकडच्या कायद्याची आठवण होईल. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळा-व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असें ठरविलें आहे. संख्येनें पाहिलें तर शिकागोहून हें प्रमाण उदार आहे. अधिकारांत तसें नाहीं. ही समिती शाळेच्या कामावर देखरेख करते, विकासाचा आराखडा करून त्याची शिफारस करते, अनुदानाच्या विनियोगावर नजर ठेवते. मुख्याध्यापक निवडीत नाहीं. शिवाय विनाअनुदान खासगी शाळांना हें कलम लागूच नाहीं, आणि शहरांतील सुशिक्षित घरांतील मुलें पुष्कळशीं त्याच शाळांत असल्यामुळें त्या घरांना अशी समिती असते याचा पत्ताही क्वचित् असतो. त्यांच्या वांट्यास येते ती फीसंबंधींच्या २०११ सालच्या राज्य-कायद्याखालील शिक्षक-पालक संघाची कार्यकारी समिती, जिच्यावरील पालक चिठ्ठ्या टाकून निवडतात. चिठ्ठींत नांव निघालेल्या गृहस्थास बहुधा पहिली चिंता पडते ती सभेला न जाण्याचें निमित्त काय सांगावें याची.

शिकागोंत पहिली निवडणूक १९८९ च्या ऑक्टोबरांत झाली. सुमारे ५४०० जागांसाठीं १७ हजारांवर उमेदवार उभे राहिले. बसचालक, मोलकरणी, नोकरी गेलेले पोलादी कारखान्यांतील कामगार, गृहिणी, असे लोक त्यांत होते; कित्येकांनीं शाळा सोडल्यानंतर शाळेचा उंबरठा फक्त मुलाला पोहोंचविण्यापुरता ओलांडला असेल. दुसऱ्याच वर्षीं त्यांतील निम्म्या समित्यांना आणि त्याच्या पुढच्या वर्षीं उरलेल्या निम्म्यांना मुख्याध्यापकाचा निर्णय करावयाचा होता. अंदाजपत्रक वाचावयाचें म्हणजे आंकडे समजावे लागतात, आणि आंकडे विचारणारा समोर बसला म्हणजे ते नीट मांडावे लागतात. पालकांना माहिती द्यावी, असे ठराव करून जें पूर्वीं साधलें नव्हतें, तें या एका गरजेनें साधूं लागलें.

अडथळेही लगेच आले. १९९० च्या अखेरीस इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानें निवडणुकीची रीत घटनाबाह्य ठरविली. ज्या करदात्याला शाळेंत मूल नाहीं, त्याला दोनच जागांसाठीं मत आणि पालकाला सहांसाठीं, हें समान मताच्या तत्त्वास धरून नाहीं, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें. कायदा दुरुस्त करून पालक व रहिवासी यांस सारखींच मतें देण्यांत आलीं आणि समित्या वांचल्या. न्यायालयाची गोष्ट निभावली. उत्साह ओसरला त्यास मात्र कायद्याची दुरुस्ती उपयोगी नव्हती. पुढच्या निवडणुकींत उमेदवार झपाट्यानें कमी झाले, आणि कित्येक शाळांत जागांइतकेही उमेदवार मिळेनात. दोन नोकऱ्या करणाऱ्या आईनें संध्याकाळच्या सभेला यावें कधीं? कांहीं समित्यांत भांडणें माजलीं, कांहींत मुख्याध्यापकानेंच आपले होयबा निवडून आणले. १९९५ सालीं राज्यानें शिक्षण-मंडळाची सूत्रें पुन्हां घट्ट करून महापौरांच्या हातीं दिलीं, आणि दुसऱ्याच वर्षीं १०९ शाळा परीक्षेंतील गुणांच्या आधारें ‘परिवीक्षे’खालीं आल्या. अशा शाळांतील समितीच्या निर्णयावर मध्यवर्ती कचेरीचा अंमल चढला. गरीब वस्तींतल्या शाळाच या यादींत अधिक असावयाच्या; म्हणजे ज्यांना मताची गरज जास्त, त्यांचेंच मत अगोदर उणें झालें.

इतक्या उलथापालथींत मुलांना कांहीं लाभ झाला काय, हें पाहण्याचें काम शिकागो विद्यापीठाशीं संलग्न असलेल्या संशोधकांनीं वर्षानुवर्षें केलें. अँथनी ब्राइक आणि बार्बरा श्नायडर यांचें शाळांतील विश्वासाविषयींचें पुस्तक २००२ सालीं प्रसिद्ध झालें. शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांचा एकमेकांवर किती भरंवसा आहे, हें त्यांनीं प्रश्नावल्यांनीं व प्रत्यक्ष शाळांत बसून मोजलें. ज्या शाळांत हा भरंवसा दृढ होता, त्यांपैकीं दर दोहोंत एक शाळा वाचन व गणित यांत स्पष्टपणें सुधारली. ज्यांत तो दुबळा होता, त्यांत सातांत एक. निवडणूक झाली म्हणून भरंवसा आला, असें यावरून म्हणतां येणार नाहीं. उलट भरंवसा होता तेथेंच समितीचें काम सरळ चाललें असावें. एवढें खरें कीं, घराघरांतून शाळेविषयीं काय बोललें जातें, ही गोष्ट परीक्षेच्या निकालापासून दूर नाहीं, हें मोजून दाखविलें गेलें.

हा भरंवसा तयार कसा करावा, याचें एक उदाहरण शहराच्या वायव्य भागांतील लोगन स्क्वेअर या वस्तींत पाहावयास मिळतें. तेथील रहिवाशांच्या संघानें १९९५ सालीं शाळांशीं मिळून एक उपक्रम काढला. वस्तींतील आयांनीं रोज दोन तास वर्गांत बसावें, पण शक्यतों आपल्या मुलाच्या वर्गांत नव्हे, आणि शिक्षकाच्या सांगण्याप्रमाणें मागें पडलेल्या चार-दोन मुलांस घेऊन वाचन वा बेरजा करून घ्याव्यात. ठराविक तास भरले कीं थोडेसें मानधन. या बायका बहुतेक स्पॅनिश बोलणाऱ्या. कित्येक जणी तोंपर्यंत फाटकापाशींच मूल सोडून परतत. शिक्षिकेनें त्यांना नांवानें हांक मारावी आणि त्यांनीं शिक्षिकेच्या कपाळावरचा घाम पाहावा, हें रोज दोन तास घडूं लागल्यावर दोन्हींकडील समज बदलल्यावांचून राहिली नाहीं. त्यांतल्या कांहीं जणी शाळा-समितीवर निवडून आल्या. कांहींनीं स्वतःच शिक्षिका होण्याची इच्छा धरली, आणि या अनुभवावरून २००४ सालीं राज्यानें आपल्याच वस्तींतून शिक्षक तयार करण्यासाठीं स्वतंत्र कायदा केला. वर्तमानपत्रांत या उपक्रमाचा गाजावाजा समित्यांइतका झाला नाहीं; परंतु घर आणि शाळा यांमधील दार खऱ्या अर्थानें उघडलें तें कदाचित् येथेंच.

यानंतरची हकीकत कटु आहे. २०१३ च्या मे महिन्यांत, पटसंख्या घटल्याचें व पैसा अपुरा असल्याचें कारण देऊन शिक्षण-मंडळानें एकाच बैठकींत ५० शाळा बंद करण्याचा ठराव केला. बाधित मुलांची संख्या १२ हजारांच्या जवळ, आणि त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय. माहिती दिली नाहीं, असा आरोप मंडळावर कोणास करतां आला नसता. याद्या प्रसिद्ध झाल्या, नकाशे निघाले, प्रत्येक शाळेसाठीं जाहीर सुनावण्या झाल्या. पालक ध्वनिक्षेपकापुढें दोन-दोन मिनिटें बोलले, रडले आणि घरीं गेले. कित्येकांची अशी खात्री झाली कीं, निर्णय आधींच झालेला आहे.

या शाळांतून बाहेर पडलेल्या मुलांविषयीं विद्यापीठाच्या संशोधकांचा अहवाल २०१५ सालीं आला. बंद झालेल्या शाळेहून अधिक वरची श्रेणी असलेल्या शाळेंतच बहुतेक सर्व मुलें गेलीं, असें त्यांत आढळलें. कागदोपत्रीं ही सुधारणाच. परंतु पालकांना विचारलें तेव्हां ‘चांगली शाळा’ या शब्दाचा अर्थ त्यांनीं निराळाच सांगितला. वर्गांत मुलें किती, मागें पडणाऱ्या मुलाकडे कोणी जातीनें पाहतें काय, शाळा सुटल्यावर त्याला कोठें थांबतां येतें, आणि घरापासून तेथपर्यंतचा रस्ता कोणत्या टोळीच्या हद्दींतून जातो. मंडळानें घरोघर पोहोंचविलेली माहिती श्रेणींची होती. घरांना हवी होती ती या प्रश्नांच्या उत्तरांची. दोहोंची गांठ पडलीच नाहीं. पुढें २०१८ च्या अहवालांत असेंही दिसलें कीं, मुलांचे गुण घसरले ते शाळा बंद होणार ही बातमी फुटली त्या वर्षींच. बातमी ऐकणारीं केवळ आईबापें नसतात, हें कोणाच्या ध्यानांत आलें नसावें.

शहराच्या दक्षिण भागांत वॉल्टर डायट या संगीत-शिक्षकाच्या नांवानें एक माध्यमिक शाळा आहे. ती टप्प्याटप्प्यानें बंद करण्याचें मंडळानें २०१२ सालींच ठरविलें होतें. वस्तींतील लोकांनीं तिच्यासाठीं स्वतः एक योजना तयार करून मंडळापुढें ठेविली होती. उत्तर मिळेना, तेव्हां २०१५ च्या ऑगस्टांत बारा जणांनीं अन्नत्याग केला आणि तो ३४ दिवस चालला. शाळा दुसऱ्या वर्षीं पुन्हां उघडली. वस्तीच्या योजनेप्रमाणें नव्हे, कलाशिक्षणाची शाळा म्हणून. उपोषणकर्त्यांचा जय झाला कीं पराजय, यावर त्या वस्तींत एकमत नाहीं. एका शाळेची माहिती आणि तिच्यावरील हक्क मिळविण्यास पोटाला चिमटा घ्यावा लागावा, यावरून मात्र समित्यांच्या कायद्यानंतर सत्तावीस वर्षांनीं अंतर किती पडलें होतें याचा अंदाज येतो.

त्या अंतराचा परिणाम म्हणून निवडलेल्या शिक्षण-मंडळाची मागणी बळावली. २०२१ सालीं राज्यानें तसा कायदा केला, आणि २०२४ च्या नोव्हेंबरांत शिकागोच्या इतिहासांत प्रथमच शिक्षण-मंडळासाठीं मतदान झालें. एकवीस सभासदांपैकीं दहा त्या वेळीं मतदारांनीं निवडले आणि अकरा महापौरांनीं नेमले. सर्वच्या सर्व निवडलेलें मंडळ २०२७ च्या जानेवारीपासून असावें, असें त्या कायद्यांत म्हटलें आहे. शाळा-समित्यांच्या निवडणुकी निराळ्या चालूच आहेत. दोहोंच्या मतदारांत मात्र एक भेद राहिला आहे. शिक्षण-मंडळाच्या मतदानासाठीं शहराच्या मतदारयादींत नांव लागलें, आणि त्या यादींत नांव नागरिकाचेंच असतें. लिटल् व्हिलेजमधील ज्या परदेशी आईचें मत शाळेचा मुख्याध्यापक निवडणाऱ्या समितीसाठीं धरलें जातें, तिला त्या मुख्याध्यापकावरील मंडळासाठीं २०२४ सालीं मत देतां आलें नाहीं.